मदत हवी आहे: आरएक्स १०० च्या मॅग्नेटो कव्हरचे स्क्रू जाम, एकाची फुली पूर्ण गेली आहे

नमस्कार मंडळी,

घरात वडिलांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे. चेन सेट बदलायला घेतलाय. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) डाव्या बाजूच्या मॅग्नेटो (गाडीची वीज तयार करणारा भाग) कव्हरच्या आत असतं आणि ते कव्हर सुटायला तयार नाही. वरचे स्क्रू निघाले. खालचे तीन, जिथे चेनचा चिखल आणि पाणी साचतं तिथले, जागचे हलत नाहीत.

आम्ही मालवणला राहतो, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी पूड जमली आहे, ब्रशने घासली की मीठ सांडल्यासारखी पडते. एका स्क्रूची फुली (स्क्रूड्रायव्हर बसायची खाच) निम्मी शिल्लक आहे. दुसऱ्याची झिजून नुसता गोल खळगा उरलाय. तिसऱ्याचं डोकं कव्हरच्या खाचेत आत बसलेलं आहे, त्यामुळे बाजूने पकडायला जागाच नाही.

रॉकेल घालून पाहिलं, गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं. जवळच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, छिन्नी मारून काढू, कव्हर फुटलं तर दुसरं टाकू. पण हे कव्हर मूळचं आहे आणि मला ते वाचवायचं आहे. ड्रिल मारावं का? तापवलं तर आतल्या मॅग्नेटोच्या कॉइलला धोका आहे का? आणि बाजारात स्क्रू एक्स्ट्रॅक्टर (स्क्रूत भोक पाडून आत पिळून बसवायचं उलट्या आट्यांचं टोक) मिळतो तो वापरावा का? आधी काय करावं आणि काय अगदी शेवटी, तेवढं कोणी अनुभवी माणसाने सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

छिन्नीला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. निम्मी फुली शिल्लक असलेल्या स्क्रूपासून सुरुवात करा.

जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांचे फुलीचे स्क्रू आपल्याकडच्या नेहमीच्या स्टार स्क्रूड्रायव्हरसाठी बनलेलेच नसतात. ते जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस, असतात. डोक्यावर फुलीच्या बाजूला बारीकसा उठावाचा ठिपका दिसला तर नक्की समजा. साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरचं टोक जास्त अणकुचीदार असतं. ते खळग्याच्या तळाला आधी टेकतं आणि फुलीच्या भिंतींना नीट भिडत नाही, म्हणून जोर दिला की वर सरकून फुली खातं. त्यात कव्हरचे स्क्रू सहा एमएमचे असतात, त्यांना तीन नंबरचं टोक लागतं आणि घरोघरी असतो दोन नंबरचा. इतक्या वर्षांत हा स्क्रू ज्याने ज्याने उघडला त्याने थोडी थोडी फुली खाल्ली असणार.

तीन नंबरचं जेआयएस टोक आणा, आणि सोबत हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. ड्रिलसारखा विजेवर चालणारा नव्हे. जाड दांड्याचा, डोक्यावर घाव घातला की टोक जरासं फिरतं तो. दिशा उघडायच्या बाजूला लावा. आधी स्क्रूच्या डोक्यावर सपाट पंच ठेवून दोन-तीन नेमके घाव घाला. त्याने फाटलेली फुली थोडी मिटते आणि आट्यांत बसलेली पूडही सैल होते. मग टोक ठोकून फुलीत बसवा. टोकाला व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट लावली तर पकड आणखी वाढते.

घाव सरळ बसला पाहिजे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि दुसऱ्या बाजूने कोणाला तरी घट्ट धरायला सांगा. गाडी डुगडुगली की घावाची निम्मी ताकद तिथेच जाते.

प्रतिसाद २

पांढऱ्या पुडीबद्दल थोडं. स्क्रू लोखंडाचा, कव्हर आणि क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू चिकटून असले आणि मधे खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, ती पूड म्हणजे त्याचंच ऑक्साइड. झिजलेल्या धातूपेक्षा ते जास्त जागा घेतं आणि आट्यांमध्ये पाचरीसारखं ठासून बसतं. म्हणून रॉकेलाने फरक पडला नाही. ते आत शिरायला वाटच नाही.

इथे उष्णता कामाला येते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तापवलं की भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं. पण गॅसची ज्योत नको. शेजारीच कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी आहे, शिवाय आत ऑइल सील आणि कॉइलच्या वायरी. पेट्रोलचा कॉक बंद करा, आधी मारलेला स्प्रे पूर्ण पुसून घ्या आणि हॉट एअर गन वापरा. स्क्रूभोवतीचा भाग तापवायचा. पाण्याचा थेंब टाकला आणि चरचरून उडाला की थांबा, त्याच्या पुढे जाऊ नका. गरम असतानाच इम्पॅक्ट मारा.

धागाकर्ता

ठिपका आहे! टॉर्च धरून पाहिलं, तिन्हींवर नाही पण एकावर स्पष्ट दिसतो. जेआयएस टोक कुडाळ-सावंतवाडीत मिळालं नाही, ऑनलाइन मागवतो. गोल खळगा झालेल्या स्क्रूचं काय करू? त्यात कुठलंच टोक अडकत नाही.

प्रतिसाद ३

त्या स्क्रूला फिरवायचा नाद सोडा आणि त्याचं डोकंच उडवा. ऐकायला भयंकर वाटतं, पण कव्हरच्या बाबतीत हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे.

कव्हरच्या भोकात आटे नसतात, आटे फक्त मागे क्रँककेसमध्ये. स्क्रू जो ताणलेला असतो तो डोकं आणि आटे यांच्या मधे. डोकं गेलं की ताण संपला. मग कव्हर हलक्या रबरी हातोडीने बाजूने ठोकून सरळ ओढून काढता येतं आणि स्क्रूचा दांडा बाहेर उभा राहतो. कव्हरचे स्क्रू लांब असतात, त्यामुळे पकडायला भरपूर जागा मिळते. दांड्याच्या बुडाशी स्प्रे मारा, थोडं तापवा, व्हाईस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) घट्ट लावा आणि एकदम काढायला जाऊ नका. आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग उघडायच्या. असं पुढे-मागे करत गेलं की पूड मोकळी होत जाते.

ड्रिल मारताना खळग्याच्या मध्यावर सेंटर पंच मारून घ्या. गोल झालेल्या खळग्यात मध्य आपोआप सापडतो, तेवढा एक फायदा. आधी तीन एमएमचं भोक, मग साडेसहाचं. खोली डोक्याच्या जाडीएवढीच. डोकं सुटून ड्रिलला गुंडाळून येतं तेव्हा कळतंच. वेग कमी ठेवा, तेल सोडत राहा.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इतक्या जाम स्क्रूला तो लावूच नका. तो कडक पोलादाचा असतो आणि पिळला की आतच तुटतो. मग त्या तुकड्यात साध्या ड्रिलने भोक पडत नाही आणि लेथवाल्याकडे इंजिन न्यावं लागतं.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मॅग्नेटोत चुंबक असतात. ड्रिलचा लोखंडी चुरा तिथे जाऊन चिकटतो. कव्हर काढल्यावर आधी मॅग्नेटो कापडाने, मग चिकटपट्टी दाबून दाबून साफ करा. तोवर किक मारू नका.

प्रतिसाद ४

धागा थोडा वळवतो, क्षमस्व. माझ्या १५० सीसी गाडीच्या पुढच्या डिस्क ब्रेकच्या ऑइल डबीचं झाकण असंच अडकलंय. दोन छोटे चपटे स्क्रू, एकाची फुली गेली. हीच युक्ती चालेल का?

प्रतिसाद ३

ते चार एमएमचे, त्यांना दोन नंबरचं टोक. मोठा इम्पॅक्ट ड्रायव्हर तिथे नको, हँडलवरची डबी लगेच फुटते. सपाट पंचाने हलके घाव, मग टोक ठोकून बसवून वरून पूर्ण भार देत फिरवा. बहुतेक वेळा निघतो. टाकीवर ओलं फडकं टाका. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. ड्रिल मारायची वेळ आलीच तर फक्त डोकं उडवा, आणि झाकण काढल्यावर आतलं ब्रेक ऑइल बदलाच. बारीक चुरा सिलिंडरमध्ये गेला तर सील कापतो.

धागाकर्ता

मंडळी, कव्हर निघालं, आणि अखंड निघालं!

निम्मी फुली असलेला स्क्रू जेआयएस टोक लावून तापवल्यावर सुटला. सुटताना कट्ट असा आवाज आला, वाटलं तुटलाच. पण आटे पांढऱ्या पुडीने भरलेला अख्खा स्क्रू हातात आला. खाचेतलाही तसाच निघाला. गोल खळगा झालेल्याचं डोकं उडवलं. दांडा व्हाईस ग्रिपने निघाला, पण त्या भोकातले पहिले काही आटे दांड्यासोबत सोलून आले. बाकीची भोकं ठीक आहेत. मॅग्नेटोवर खरंच चुरा होता, चिकटपट्टीने सगळा काढला.

आता दोन शंका. त्या भोकाचं काय करू? आणि नवीन स्क्रू स्टेनलेसचे ॲलन (षटकोनी खाचेचे) टाकू का?

प्रतिसाद १

अभिनंदन! भोकात आधी सहा एमएमचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून साफ करा. मग बारीक तार घालून खोली मोजा. बऱ्याचदा मूळ स्क्रू भोकाच्या तळापर्यंत जात नाही आणि आत न वापरलेले चांगले आटे शिल्लक असतात. तसं असेल तर पाच एमएम जास्त लांबीचा बोल्ट टाकून काम भागतं. फक्त तो तळाला टेकत नाही ना ते पाहा. आटे नसतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, सहा एमएमसाठी ६.३ चं भोक पाडून त्यांचा खास टॅप मारावा लागतो. ड्रिल तिरकं गेलं तर कव्हर बसणार नाही, म्हणून ते लेथवाल्याकडून करून घेतलेलं बरं.

स्टेनलेस दिसायला छान, पण खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमसोबत तेही भांडतं. मी झिंक चढवलेले ८.८ ग्रेडचे ॲलन टाकतो आणि प्रत्येकाच्या आट्यांना अँटी-सीझ (स्क्रू जाम होऊ न देणारी पेस्ट) लावतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतील, तर पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याचा तो त्याच्या जागी टोचून ठेवा. अँटी-सीझ लावल्यावर आटे निसरडे होतात, त्यामुळे कोरड्या आट्यांपेक्षा कमी आवळायचं. ॲलन की लांब बाजूने धरून जोर लावू नका, छोट्या बाजूने हाताला घट्ट लागेल तेवढं पुरे. दर पावसाळ्यानंतर खालचे तीन सोडवून, पुसून, पुन्हा अँटी-सीझ लावून बसवत चला.