मदत हवी आहे: अमळनेरला काळ्या मातीत घर बांधायचंय, ठेकेदारांकडून भाव मागवताना स्पेसिफिकेशन कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

अमळनेरला शहराबाहेरच्या एनए प्लॉटवर आम्ही घर बांधतोय. प्लॉट ४० बाय ६०, तळमजल्याचं बांधकाम १०८० चौरस फूट. पुढे मुलं मोठी झाली की वर एक मजला चढवायचा. नकाशा नगरपरिषदेकडून मंजूर झालाय. दिवाळीनंतर सुरुवात करून पावसाळ्याआधी स्लॅब उरकायचा विचार आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, त्यामुळे दिवसभर साइटवर थांबणं होणार नाही. सासरे, म्हणजे आमचे नाना, सकाळ-संध्याकाळ चक्कर मारतील. म्हणूनच जे काही ठरेल ते आधी कागदावर यावं असं मला वाटतं.

अडचण अशी की तीन ठेकेदारांना एकच नकाशा दिला, तिघांचे भाव आले, पण त्यांची तुलनाच करता येत नाही. पहिल्याने मालासकट १७०० रुपये फूट सांगितले, दुसऱ्याने १८५०. घरात सगळ्यांचा कल लगेच पहिल्याकडे गेला. मग मी दोघांनाही विचारलं, फूट मोजणार कसे? पहिला पोर्च पूर्ण धरतो (१२० फूट), गच्चीवरची जिन्याची खोली धरतो (११०) आणि सगळे छज्जेही धरतो (साधारण ९०). त्याचे झाले १४०० फूट, रक्कम २३ लाख ८० हजार. दुसरा पोर्च निम्मा धरतो आणि छज्जे धरतच नाही. त्याचे १२५० फूट, रक्कम २३ लाख १२ हजार ५००. म्हणजे ज्याचा दर दीडशेने जास्त, तोच एकूण रकमेत स्वस्त. तिसऱ्याने नुसता मजुरीचा दर दिलाय, माल आमचा. त्यात सेंट्रिंगचं (स्लॅब ओतताना खाली लावायच्या पाट्या-टेकूंचं) सामान त्याचं की आम्ही भाड्याने आणायचं, ते लिहिलेलंच नाही.

टाकी, कंपाउंड, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सेप्टिक टँक यातलं काय भावात आणि काय ‘एक्स्ट्रा’, हेही प्रत्येकाचं वेगळं. माणसं तिघंही गावातली, ओळखीची. एकजण नानांना म्हणाला, “नाना, तुमनं घर म्हंजे मनंच घर शे, कागदनं काय काम?” नानांना ते पटलं. मला वाटतं कागद दोघांच्याही हिताचा आहे. त्यालाही कळेल आपण नेमका कशाचा भाव देतोय, आणि वर्षभराने समोरासमोर आल्यावर नजर चुकवायची वेळ कुणावर येणार नाही.

सर्वात मोठी धास्ती पायाची आहे. पूर्वी तिथे कपाशीचं शेत होतं. शेजारच्या प्लॉटच्या कंपाउंडला एक तिरपी भेग आहे. वैशाखात तिच्यात दोन रुपयांचं नाणं उभं जातं, श्रावणात नखसुद्धा जात नाही. हे पाहिल्यापासून तिघांनीही लिहिलेलं ‘पाया ५ फुटांपर्यंत’ हे वाक्य मला खटकतंय. मुरूम आठ फुटांवर लागला तर?

मी आतापर्यंत लिहिलेला मसुदा थोडक्यात असा:

पाया मुरमापर्यंत. आरसीसीचं काँक्रीट एम-२० प्रतीचं. सळई एफई ५००डी प्रतीची. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. बाहेरच्या भिंती ९ इंची, आतल्या साडेचार इंची, विटा दीपनगरच्या वीज केंद्रातल्या राखेच्या किंवा भट्टीच्या लाल. बाहेरून दोन हातांचं प्लास्टर. जमिनीखाली १०,००० लिटरची टाकी, कारण आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. फरशी, नळ आणि रंगांसाठी ठरावीक रक्कम धरायची, निवड आमची.

आता माझे प्रश्न. आरसीसी ड्रॉइंग हातात नसताना भाव मागवणं बरोबर आहे का? पायाची खोली नक्की नसेल तर ती बाब कशी लिहायची? फुटाचा दर घ्यावा की प्रत्येक कामाचा वेगळा? आणि माझ्या यादीतून काय सुटलंय? खान्देशात काळ्या जमिनीवर ज्यांनी बांधलंय त्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद (जळगाव, स्थापत्य अभियंता)

ताई, पायाबद्दल आधी बोलतो, बाकीचं मागाहून जमतं.

भाव मागवण्याआधी प्लॉटच्या दोन टोकांना जेसीबीने खड्डे घ्या आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते मोजा. तिथली माती प्रयोगशाळेत द्या. फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती फुगते ते) आणि जमिनीची भार पेलण्याची ताकद, एवढ्या दोन गोष्टी तरी हव्यातच. घराच्या खर्चापुढे हा खर्च अगदी किरकोळ आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. तुम्ही पाहिलेली भेग त्याचीच आहे. ही हालचाल वरच्या थरांत सर्वात जास्त असते, म्हणून फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, त्या थराच्या खाली, न हलणाऱ्या मुरमात बसायला हवं. मुरूम हाताशी असेल तर साधी फुटिंग पुरतात. फारच खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल सुचवतील, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, बुडाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब. काय करायचं हे त्यांनी ठरवायचं, ठेकेदाराने नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: आरसीसी ड्रॉइंगशिवाय भाव मागवू नका. कॉलम किती, सळई किती, हे माहीत नसताना दिलेला भाव अंदाजाचाच असणार. वरचा मजला नंतर चढवायचाय हे इंजिनिअरना आत्ताच सांगा. पाया आणि कॉलम त्या वजनाचे लागतील.

खोलीची बाब अशी लिहा: ‘फुटिंगची खोली जमिनीपासून ६ फूट धरून भाव द्यावा. प्रत्यक्ष खोली कमी-जास्त झाल्यास खोदाई, काँक्रीट आणि सळई यांचे पुढील दर लागू राहतील’, आणि पुढे तीन रकाने मोकळे सोडा. खड्ड्यात जी खोली निघेल तो आकडा ६ च्या जागी टाका. आठ फुटांवर मुरूम लागला तरी मग वाद होत नाही, कारण दर आधीच ठरलेला असतो.

आता ज्याकडे फारसं कुणी बघत नाही ते. पायातून उपसलेली काळी मातीच जोत्यात परत भरली जाते, कारण ती तिथेच पडलेली असते आणि फुकट असते. दोन-तीन पावसाळ्यांत आतली फरशी उचलते आणि दारं घासायला लागतात. स्पष्ट लिहा: ‘जोत्यात फक्त मुरूम, ६ इंचांच्या थरात, पाणी मारून, धुमसून, उपसलेली काळी माती प्लॉटबाहेर नेणं ठेकेदाराकडे.’ घराभोवती ३ फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टाही लिहा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. बाथरूमचे चेंबर शक्य तितके भिंतीपासून लांब घ्या. जमिनीखालची टाकी विटांची नको. फुगणाऱ्या मातीत विटांच्या टाकीला तडा जातो. ती आरसीसीचीच लिहा आणि तिचं वेगळं ड्रॉइंग मागा.

काँक्रीटबद्दल आयएस ४५६:२००० या भारतीय मानकाचा हवाला द्या आणि कव्हरचे, म्हणजे सळईवर किती काँक्रीट हवं त्याचे, आकडे लिहूनच टाका: फुटिंग ५० मिमी, कॉलम ४०, बीम २५, स्लॅब २०. सिमेंट पीपीसी आणि आपल्याकडची कोरडी उष्ण हवा, म्हणून क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं, किमान १४ दिवस. टँकरचा खर्च कोणाचा हे मात्र त्याच ओळीत यायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये पाणी विकत घ्यायची वेळ आली की क्युरिंग सर्वात आधी थांबतं.

सळई वजनावर येते, तिची नोंद नानांकडे द्या. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते, म्हणजे १२ मीटरचा नग साधारण १०.६५ किलो. पाच-दहा नग काट्यावर घातले तरी अंदाज येतो.

प्रतिसाद (धुळे)

आम्ही देवपुरात बांधलं, जमीन तुमच्यासारखीच. फुटाचा दर की बाबवार दर, यावर माझं मत ठाम आहे: आरसीसी, वीटकाम आणि प्लास्टर बाबवार, आणि शेवटी एकूण बेरीज. खोदाई घनमीटरमध्ये, काँक्रीट घनमीटरमध्ये, सळई किलोत, प्लास्टर चौरस मीटरमध्ये. तुमचा आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर ड्रॉइंगवरून परिमाणं काढून देईल. तिघांनाही तोच तक्ता द्या, ते फक्त दर भरतील. मग १४०० की १२५० हा प्रश्नच उरत नाही.

ठेकेदार म्हणाला ‘आम्ही फुटावरच काम करतो’, तर निदान मोजणीचा नियम तरी तुम्ही लिहा. पोर्च किती धरायचा, जिन्याची खोली किती, छज्जा आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) धरायचे की नाही. एकच नियम तिघांना. प्लास्टरमध्ये दारं-खिडक्यांची वजावट आयएस १२०० (मोजणीचं भारतीय मानक) प्रमाणे असं लिहा. त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही, त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट. आमचा वाद नेमका इथेच झाला होता. ठेकेदार खिडक्यांचं प्लास्टर दोन्ही बाजूंनी भरीव धरत होता.

पैसे तारखेवर नको, टप्प्यावर द्या. जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी), स्लॅब, वीटकाम, आतलं प्लास्टर, बाहेरचं प्लास्टर, फरशी असे तुकडे पाडा. प्रत्येक टप्प्याची रक्कम झालेल्या कामापेक्षा थोडी कमीच ठेवा. ५ टक्के रक्कम राखून ठेवा, एक पूर्ण पावसाळा गेल्यावर द्या. गच्ची गळते की नाही, जमीन हलते की नाही, ते पावसाळ्यातच कळतं.

प्रतिसाद (शहादा)

ताई, तुमच्या यादीत घर बांधण्याचं सगळं आहे, त्यात राहण्याचं थोडं सुटलंय. आमच्याकडून राहिलेल्या गोष्टी लिहिते.

कूलर. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, कूलर खिडकीत बसणारच. त्यासाठी बाहेर लोखंडी स्टँड, १६ अँपिअरचा पॉइंट आणि पाण्याची अर्धा इंची लाइन आत्ताच लिहा. नंतर प्लास्टर फोडायला फार जिवावर येतं. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर), उतारासकट. आतली खोली रात्री निवायला त्याने खरंच मदत होते. गच्चीवर एक नळ आणि एक दिव्याचा पॉइंट हवाच, कुरडया-पापड तिथेच वाळत घालायचे आहेत.

मागच्या अंगणात चुलीची जागा ठेवा. खापरावरचे मांडे गॅसवर होत नाहीत, आणि सण आला की सगळ्यांना ते हवेच असतात. वर पत्र्याचं छप्पर, खाली खडबडीत फरशी, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याला उतार. ठेकेदाराच्या दृष्टीने ही फार छोटी बाब असते, म्हणून ती हमखास ‘एक्स्ट्रा’त जाते.

वाळवीचं औषध पायापासूनच मारायला लावा. भिंत आणि कॉलम जिथे जुळतात तिथे प्लास्टरआधी जाळी ठोकायची, हेही लिहा. तिथे सरळ उभ्या चिरा पडतात. विजेचे पॉइंट संख्येने नव्हे, खोलीवार नकाशावर खूण करून द्या.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. जळगावच्या दादांचा प्रतिसाद नानांना वाचून दाखवला. जोत्यातल्या काळ्या मातीचा मुद्दा ऐकून ते स्वतःच म्हणाले, आधी खड्डे घेऊ. जेसीबीवाल्याशी बोलणं झालंय. आरसीसी ड्रॉइंग येईपर्यंत तिघांनाही थांबायला सांगितलं. एकजण जरा नाराज झाला, पण बाबवार तक्ता भरून देतो म्हणाला.

चुलीची जागा, कूलरची लाइन आणि गच्चीवरचा नळ नकाशावर घातलाय. कामाला लागणारी वीज आणि पाणी, मचाण, मजुरांचा विमा, राडारोडा उचलणं, सामानाची राखण, या प्रत्येकापुढे ‘कोणाकडे’ असा रकाना केला.

एक प्रश्न अजून सुटत नाहीये. काम आठ-दहा महिने चालणार. मधेच सळई किंवा सिमेंटचा भाव वाढला तर ठेकेदार म्हणणार जास्तीचे द्या. अजिबात देणार नाही असं लिहिलं तर तो भाव आधीच चढवून देईल. तुम्ही काय लिहिलं होतंत?

प्रतिसाद (धुळे)

आम्ही फक्त दोन वस्तूंना सूट दिली: सिमेंट आणि सळई. कोटेशनच्या तारखेचा दोन्हींचा मूळ दर करारात लिहिला, जीएसटी धरून. खरेदीच्या बिलावरचा दर त्याच्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वर गेला, तर वरचा फरक आम्ही द्यायचा. ५ टक्क्यांहून खाली आला, तर तो फरक त्याने आम्हाला द्यायचा. वाळू, विटा, मजुरी यात काहीही बदल नाही. दोन्ही बाजूंनी लागू असल्यामुळे ठेकेदारानेही सही करायला आढेवेढे घेतले नाहीत.

मूळ दर लिहिताना एक बघा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कुणी जुन्या हिशोबावरून दर टाकला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. आणि ठेकेदाराच्या एकूण रकमेवरचा जीएसटी आत आहे की वेगळा, हे प्रत्येकाकडून लेखी घ्या. ही एक ओळ सुटली तरी तिघांचे भाव पुन्हा वेगवेगळे होतील.