मुक्काम पायथ्याच्या गावातच करा
कळसूबाई आणि रतनगड दोन रात्रींत करायचे, तर इगतपुरीत हॉटेल घ्या, असं दोघा-तिघांनी सुचवलंय. मला ते पटत नाही. मुंबईहून गाडीने इगतपुरी गाठणं सोपं, हे कबूल. पण मग पहाटे चारला उठून घोटीमार्गे कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाला जायचं, त्यात झोपेचं खोबरं होतं. कळसूबाई १६४६ मीटरचं शिखर आहे, वाटेत लोखंडी शिड्या आहेत, आणि ऊन चढलं की वरच्या टप्प्यात सावली मिळत नाही.

कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप, आणि पहिली रात्र बारीतच. गावात घरगुती सोय होते. आम्ही उतरलो होतो तिथे मावशी पहाटे अंधारात चुलीवर भाकऱ्या थापत होत्या. ओसरीवर चहा पिता पिता समोर डोंगराची कड उजळताना दिसली. साडेपाचला आम्ही वाटेला लागलो होतो!

दुसरी रात्र रतनवाडीत, अमृतेश्वराच्या देवळाजवळ. गडाची वाट तिथूनच आहे.

आईबाबा सोबत येणार असतील आणि चढणार नसतील, तर मात्र भंडारदऱ्यालाच राहा. त्यांना जलाशयाच्या काठी निवांत बसता येईल.

घर ठरवताना संडास घरात आहे की बाहेर आणि पांघरुणं किती, हे फोनवर नक्की विचारा. डिसेंबरात तिथे हाडं गोठतात. आणि काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जून, शनिवार-रविवार कृपया टाळा. गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांनाच त्रास होतो.