स्वतःला मारून घेणाऱ्या मुलाला मुद्दाम त्रास देऊन तपासणं कितपत योग्य?

चोपड्याची मावशी

माझ्या बहिणीचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. स्वमग्न (ऑटिझम) आहे, बौद्धिक अक्षमताही आहे, बोलत नाही. गेल्या दिवाळीपासून उजव्या मुठीने कानशिलावर ठोसे मारून घेतो, मनगट चावतो. बहीण कापूस वेचायला जाते, दाजी सुरतला कामाला. दुपारी घरी सासूबाई एकट्या, म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्याचे दोन्ही हात खाटेला बांधून ठेवतात.

मागच्या आठवड्यात जळगावहून एक विशेष शिक्षिका आल्या होत्या. तो का मारतो हे कळण्यासाठी ठरवून काही प्रसंग उभे करू, म्हणाल्या. एकात त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, मारलं की लगेच जवळ जायचं. दुसऱ्यात नावडतं काम द्यायचं, मारलं की काम थांबवायचं. तिसऱ्यात एकटं ठेवून लांबून बघायचं. चौथ्यात नुसतं आवडीचं खेळायचं. प्रत्येक वेळी ठोसे मोजायचे. बहीण ऐकून एवढंच म्हणाली, "त्याले मारू देवानं नि आपण मोजत बठानं?"

मलाही ते पटलं नाही. पण ते बांधलेले हातही बघवत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

विशेष शिक्षक, धुळे

ताई, तुमच्या बहिणीचा प्रश्न रास्त आहे. पण ही पद्धत क्रूर हौसेतून आलेली नाही. 1982 मध्ये अमेरिकेत इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली, तेव्हा अशा मुलांना कारण न बघताच शिक्षा दिली जायची. त्यांनी दाखवलं की वरून सारखाच दिसणारा ठोसा एकाच्या बाबतीत लक्ष वेधण्यासाठी असतो, दुसऱ्याच्या बाबतीत कामातून सुटण्यासाठी, तिसऱ्याच्या बाबतीत आतल्या कशासाठी तरी. समजा मूल काम नको म्हणून मारून घेतंय आणि आपण शिक्षा म्हणून त्याला कोपऱ्यात बसवलं. त्याला हवं तेच मिळालं की! उद्या तो जास्त मारेल. कारण चुकलं की उपचार उलटा बसतो, आणि त्याची किंमत मुलाचं डोकं मोजतं.

हृदयाच्या पेशंटला ट्रेडमिलवर पळवतात, धाप लागू देतात, कारण त्याशिवाय दुखणं दिसत नाही. हेही तसंच आहे.

भुसावळचा बाप

सर, तुमच्या उदाहरणातच माझं उत्तर आहे. ट्रेडमिलवरचा माणूस "थांबवा" म्हणू शकतो. सही त्याने स्वतः केलेली असते. या पोराची सही कोण करणार? आई? तिला तर समोर तज्ज्ञ बसला की नाही म्हणायची भीती वाटते.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. ती सात वर्षांची असताना एका ठिकाणी असंच "निरीक्षण" झालं. अर्धा तास काचेमागे उभा राहून मी तिला हात चावताना बघितलं, आणि आत जायला मला मनाई होती. कारण सापडलं असेल, मी नाकारत नाही. पण त्या दिवसानंतर ती त्या इमारतीच्या फाटकाशीच रडायला लागायची. तो भरवसा कुठल्या तक्त्यात मोजता?

विशेष शिक्षक, धुळे

तुमच्या मुलीबरोबर जे झालं ते चुकीचंच झालं, त्याचं समर्थन करणार नाही. आई-बापाला बाहेर ठेवणं, किती ठोशांनंतर थांबायचं हे आधी न ठरवणं, दोन्ही अक्षम्य. आता बरेच जण ठोशाची वाट बघत नाहीत. त्याआधी मूल काय करतं, श्वास वाढतो, मूठ आवळतं, त्या खुणेवरच थांबतात. आणि ही पहिली पायरी नव्हेच. आधी घरच्यांशी बोलणं, मग नोंदवही: मारण्याआधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय मिळालं. पुष्कळदा एवढ्यावरच उलगडा होतो.

चोपड्याची मावशी

आम्हाला नोंदवहीचं कोणी सांगितलंच नाही. थेट प्रसंगांचंच बोलले.

शहाद्याची आई

सगळं वाचलं. आता हात बांधणाऱ्या बाईचंही ऐका, कारण मी बांधते.

माझ्या मुलाचा डावा डोळा गेला. रोज मारून मारून पडदा सुटला. तेव्हा मी बांधत नव्हते, प्रेमाने समजावत होते. आता बांधते आणि उजवा डोळा शाबूत आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात, लाइट गेलेली, घरात मी एकटी आणि तो माझ्यापेक्षा दुप्पट वजनाचा. अशा वेळी नीतीचं पुस्तक कोण उघडतं? सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला. आपल्या खान्देशात एकही नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या बाईने पोराला घेऊन एसटीने कुठवर जायचं?

ज्यांना बांधणं चुकीचं वाटतं त्यांनी दुपारी दोन ते पाच माझ्याकडे येऊन बसावं. मनापासून बोलावते.

वकील, जळगाव

ताई, तुमच्यावर बोट ठेवायला कायदाही येत नाही, हे आधी सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 95 ने साखळदंड पूर्ण बंद केले. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या आगीत साखळीने बांधलेली 28 माणसं जळून गेली, ती आठवण त्यामागे आहे. कलम 97 प्रमाणे उपचार संस्थेत बांधायचंच झालं तर तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी गरजेपुरता वेळ. शिक्षा म्हणून नाही. आणि माणसं कमी आहेत एवढ्या कारणावरून तर नाहीच.

पण हा नियम संस्थांसाठी आहे, आणि या कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता मानसिक आजारात धरलेली नाही. म्हणजे दवाखान्याला जे कारण चालत नाही, माणूसबळाचं, नेमक्या त्याच कारणाने आईला बांधावं लागतं. तिच्या दुपारचं काय, यावर कायदा गप्प आहे. मला यात सगळ्यात मोठा अन्याय हा दिसतो.

भुसावळच्या दादांना: मुलगी अठराची झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. केला नसेल तर करून घ्या.

अमळनेरचे नाना

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. आमच्या गल्लीत एक पोरगा होता, त्याच्या आजीने दोनदा जिभेला मिरची लावली, चावणं थांबलं. थोड्या त्रासाने मोठा त्रास टळत असेल तर त्यात पाप कसलं?

भुसावळचा बाप

नाना, तुमचा मान ठेवून सांगतो, हा रस्ता कुठे जातो ते बघून झालंय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका संस्थेत अशा मुलांच्या अंगाला विजेचं यंत्र बांधून झटके द्यायचे. 2020 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने बंदी घातली, 2021 मध्ये कोर्टाने ती उठवली, मग 2022 च्या शेवटी संसदेला कायदा बदलावा लागला. बंदीविरुद्ध काही आई-बापच लढत होते, कारण त्यांनाही "चावणं थांबलं" एवढंच दिसत होतं. मिरचीने पोराचं दुखणं गेलं की सांगायची हिंमत गेली, हे त्या आजीला कसं कळलं असेल?

मनोविकारतज्ज्ञ, नाशिक (माहेर पारोळा)

गोळ्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. रिस्पेरिडोन स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी, आक्रमकपणासाठी वापरतात. अमेरिकेत 2006 मध्ये त्याला मान्यता मिळाली. उपयोग होतो. पण वजन वाढतं, झोप येते, साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. गुंगीत पडलेलं मूल शांत दिसतं आणि सगळे खूश होतात. माझ्या मते तेही एक प्रकारचं बांधणंच, फक्त दोरी दिसत नाही. शहाद्याच्या ताईंसारखी वेळ असेल तर मी गोळी देते, पण किती दिवस आणि कधी कमी करायची ते चिठ्ठीवर लिहूनच.

मावशी, एक विचारते. दिवाळीपासून वाढलं म्हणता, तर दात, कान, पोट कोणी तपासलं? न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं "वर्तन" म्हणून वहीत चढतं, आणि एकदा चढलं की पुढचा प्रत्येक जण वही वाचतो, मुलाला बघत नाही.

चोपड्याची मावशी

नाही तपासलं. खरंच नाही सुचलं कोणाला.

सरांनी सांगितल्यापासून सासूबाईंनी कॅलेंडरच्या पाठीमागे नोंद ठेवली. त्यांना लिहिता येत नाही, मारलं की एक रेघ, शौचाला गेला की एक गोल. अकरा दिवस झाले. गोल नाही त्या दिवशी रेघा जास्त, सलग दोन दिवस गोल नसला की फारच. मंगळवारी चोपड्याला डॉक्टरांना दाखवतोय.

शिक्षिकाबाईंना मी फोन केला. पोट आणि दात बघून झाल्याशिवाय ते प्रसंग नकोत. केलेच तर बहीण खोलीत हवी आणि तिने हात वर केला की बंद. त्या हो म्हणाल्या.

भुसावळचा बाप

मी तरी हो म्हटलं नसतं. तिने हात वर करेपर्यंत दोन ठोसे बसलेले असतील.

चोपड्याची मावशी

माहीत आहे, दादा. रोज दुपारी लुगड्याची पट्टी बांधतानाही ते माहीतच असतं. शहाद्याच्या ताई, तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. शाळेला सुट्ट्या लागल्या की माझी मोठी मुलगी दुपारची मोकळी आहे. आधी इथे बहिणीकडे बसेल, मग आम्ही दोघी तुमच्याकडे येऊ.