मॅसॅच्युसेट्समधली ज्युरी ड्यूटी: बदलत्या शिफ्टचा पगार कसा काढायचा? मदत हवी आहे

ज्युरी ड्यूटीच्या (नागरिकाने कोर्टात पंच म्हणून बसण्याच्या) पहिल्या 3 दिवसांचा नेहमीचा पगार मालकाने द्यायचा, चौथ्या दिवसापासून राज्य रोज 50 डॉलर देतं, एवढं स्पष्ट आहे. पार्ट-टाइमवालेही त्यात येतात. फक्त मागच्या 3 महिन्यांच्या वेळापत्रकावरून तास ठरवता आले पाहिजेत. घोडं अडतंय तिथेच. आठवडा कधी 12 तासांचा, कधी 25 चा, वारही बदलतात. सरासरी काढता की त्या दिवशी लागलेली शिफ्ट धरता?

शिवाय ओव्हरटाइम लागू नसलेल्या पगारी मॅनेजरने त्या आठवड्यात थोडंही काम केलं, तर फेडरल नियमाने ज्युरीच्या दिवसांचा पगार कापता येत नाही. मिळालेला ज्युरी भत्ता तेवढा वजा करता येतो. पेरोलमध्ये ही वजावट कशी दाखवता? (‘रजेत टाका’ हा सल्ला कृपया नको.)