62 लाखांचं गृहकर्ज मंजूर होतंय, पण घ्यावं का? आणि बँक की हाउसिंग फायनान्स कंपनी?

अश्विनी_चिंचवड

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी आणि मिस्टर दोघेही नोकरी करतो. ते चाकणला एका कंपनीत आहेत, हातात 72,000 येतात. मी खासगी शाळेत शिक्षिका, 31,000. त्यांचं वय 36. मुलगी चार वर्षांची. चिंचवडला भाड्याने राहतो, भाडं 18,000. बाकी घरखर्च म्हणजे किराणा, दूध, वीज, पेट्रोल सगळं धरून 32,000. मुलीची शाळा 6,500, गावी सासू-सासऱ्यांना 8,000, विम्याचे हप्ते महिन्याला साधारण 3,500. गाडीचा हप्ता 9,400, तो अजून दोन वर्षं आहे. सोनं सोडून एफडी आणि इतर बचत असं सगळं मिळून 19 लाख जमलेत.

पुनावळ्याला बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये 2 बीएचके पाहिला. करारनाम्याची किंमत 78 लाख. सेल्स ऑफिसमध्येच कर्जाचा एजंट बसलेला असतो. त्याने सॅलरी स्लिप पाहून सांगितलं, "मॅडम, 62 लाख आरामात होतील, 30 वर्षं करू, हप्ता 45-46 हजार." कमी पडतील ते पर्सनल लोन करून देतो म्हणाला. एका सरकारी बँकेत विचारलं तर दर थोडा कमी आहे, पण रक्कमही कमी सांगतात आणि कागद फार मागतात. एजंटची हाउसिंग फायनान्स कंपनी आठवड्यात मंजुरी देते.

मिस्टरांचं म्हणणं, सगळेच असं घेतात, पगार वाढतातच. मला रात्री झोप लागत नाहीये. कोणी नीट हिशेब करून सांगाल का?

निवृत्त_कर्जविभाग_सांगली

ताई, माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. गृहकर्जाच्या फायली तपासणं हेच काम. तेव्हा हिशेब मांडतो, राग मानू नका.

आधी घराची खरी किंमत. 78 लाख ही किंमत नव्हे. बांधकाम चालू आहे म्हणजे 5 टक्के जीएसटी, 3 लाख 90 हजार. मुद्रांक शुल्क पिंपरी-चिंचवड हद्दीत 7 टक्के, 5 लाख 46 हजार. नोंदणी 30,000. झाले 87 लाख 66 हजार. त्यात सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, ग्रिल, किचन ट्रॉली, पंखे, पडदे अजून आलेले नाहीत. 62 लाख कर्ज धरलं तर पदरचे 25 लाख 66 हजार लागतात. तुमच्याकडे 19 आहेत. म्हणून तो पर्सनल लोन म्हणतोय. रिझर्व्ह बँकेने मार्जिनचा नियम केला तो याचसाठी. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरायची नाही. उरलेला पैसा घेणाऱ्याचा स्वतःचा असावा ही त्यामागची कल्पना. ती जागा पर्सनल लोनने भरली की घरात तुमचा स्वतःचा पैसा कमी आणि महाग व्याज जास्त.

एजंट किंवा बँक किती कर्ज देते यावरून तुम्हाला किती झेपतं ते कळत नाही. आम्ही फाइलवर पगार बघायचो, चालू हप्ते बघायचो, सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर बघायचो. सासऱ्यांना जाणारे 8,000 आणि मुलीची शाळा त्या तक्त्यात कुठे नसते. तो तक्ता तुम्हीच करायचा.

करू या. हातात 1,03,000. भाडं सोडून तुमचा खर्च 59,400. स्वतःचं घर झालं की मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मिळून 5,000 धरा. उरले 38,600. यातले 8,000 तरी बचतीला गेलेच पाहिजेत, मुलगी मोठी होतेय. राहिले 30,600. एजंटचा हप्ता आहे 45,500 आणि वर पर्सनल लोनचा वेगळा. 8 टक्के दराने 62 लाख 30 वर्षांत फेडले तर नुसतं व्याजच एक कोटीच्या वर जातं. मिस्टर 36 चे आहेत, शेवटचा हप्ता 66 व्या वर्षी. कंपनीत निवृत्ती 58 ला असेल तर पुढची आठ वर्षं हप्ता कशातून?

आता गाडीच्या कर्जाकडे बघा. दोन वर्षांचे हप्ते राहिलेत म्हणजे मुद्दल साधारण दोन लाख असेल. ते दोन लाख घराच्या डाउन पेमेंटमध्ये घातले तर गृहकर्जाचा हप्ता 1,700 च्या आसपास कमी होईल. तेच गाडीच्या कर्जात भरून ते बंद केलं तर महिन्याचे 9,400 मोकळे होतात. मुदतीआधी बंद करण्याचा आकार किती ते फक्त विचारून घ्या, कारण गाडीचं कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं आणि त्याला आकार लागतो. तरीही फायदाच आहे. मग हप्त्यासाठी 40,000 ची जागा होते.

पण ती 40,000 ची जागा पूर्ण भरायची नाही. दर वाढतो. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5. ज्याने 6.7 टक्क्यांनी 40 लाख 20 वर्षांसाठी घेतले त्याचा हप्ता 30,300 होता. दर 9.2 झाल्यावर नुसतं व्याजच जवळपास तेवढं. हप्ता तोच ठेवला आणि मुदत ताणली, म्हणून लोकांना कळलंही नाही की मुद्दल हलत नाहीये. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं. तुम्हाला विचारलं तर झेपेल तितका हप्ता वाढवा.

म्हणून माझं मत: 39 लाख कर्ज, 20 वर्षं. 8 टक्क्यांनी हप्ता 32,600. दर 10 झाला तरी 37,600. तुमच्या 40,000 च्या आत. घर 49 लाखांपर्यंतचं, शक्यतो तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, म्हणजे जीएसटी नाही. मुद्रांक आणि नोंदणी मिळून 3 लाख 73 हजार. पदरचे पावणेचौदा लाख जातील, दोन लाख गाडीला, सव्वातीन लाख हातात राहतील. त्या सव्वातीन लाखांना फर्निचरसाठी हात लावू नका. तुमची नोकरी काही कारणाने थांबली तर एका पगारात महिन्याला 15-16 हजार कमी पडतील. त्या पैशावर पावणेदोन वर्षं हप्ता न चुकता निघतो. पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये एक महिनासुद्धा निघणार नाही.

विश्वास बसत नसेल तर आजपासून भाड्याव्यतिरिक्त 20,000 रुपये महिन्याला आरडीत टाका. दिवाळी, शाळेची फी, गावाकडचं लग्न, सगळं त्यात येऊ द्या. जमलं तर हप्ता जमेल.

बँक की कंपनी, ते रात्री लिहितो.

गणेश_नाशिकरोड

काकांनी मस्त मांडलंय. मी दोन वर्षांपूर्वी रिसेल घेतला, कागदांचं सांगतो. मूळ मालकापासून आजपर्यंतचे सगळे करारनामे आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचे दस्ताचे उतारे, सलग हवेत. सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या नावावर चढलाय का बघा. त्याचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं थकबाकीचं पत्र आधी घ्या. विकणारा "थोडे रोख द्या" म्हणाला तर करारनाम्यात किंमत कमी दिसते, बँक त्यावरच कर्ज देते आणि तुमचं पदरचं वाढतं. मी त्याच कारणाने एक फ्लॅट सोडला.

आणि किंमत 50 लाख किंवा वर गेली तर 1 टक्का टीडीएस कापून भरणं ही घेणाऱ्याची जबाबदारी असते.

अजून एक. मंजुरीच्या दिवशी माझ्यासमोर एकरकमी विम्याचा फॉर्म ठेवला, प्रीमियम कर्जातच मिळवलेला, म्हणजे 20 वर्षं त्यावरही व्याज. "सगळेच करतात" म्हणाले. तो विमा सक्तीचा नसतो. मी लेखी विचारलं, तसा फॉर्म बाजूला गेला. वेगळा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ मृत्यूचं संरक्षण देणारा विमा घेतला, खूप स्वस्त पडला. मिस्टरांचा टर्म प्लॅन मात्र घ्याच.

निवृत्त_कर्जविभाग_सांगली

आता कर्ज कुठून घ्यायचं ते. जाहिरातीतला दर बघू नका, दर कशाला बांधलाय ते विचारा. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराला जोडावी लागतात, बहुतेक बँका रेपोला जोडतात. तीन महिन्यांत एकदा तरी दर नव्याने ठरतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटवर चालतो आणि तो कधी, किती खाली आणायचा ते त्या ठरवतात. 2025 मध्ये रेपो 6.5 वरून 5.25 वर आला, तेव्हा रेपोला जोडलेल्या कर्जाचा दर तितकाच उतरायला हवा, हे कर्जदार स्वतः मोजू शकतो. कंपनीच्या कर्जात असं मोजायला हातात काही नसतं.

रेपोवर बँक जे अधिक लावते तो स्प्रेड. 5.25 वर 2.35 लावले तर 7.60. स्प्रेड किती, आणि सिबिल खाली गेलं तर किती वाढेल, हे मंजुरीपत्रात वाचा. पहिल्या वर्षी गोड दर देऊन पुढे वाढवणारी योजना नाही ना, तेही.

ऑक्टोबर 2024 पासून सगळ्यांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यात प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, मूल्यांकन, विमा धरून वर्षाचा एकूण दर लिहिलेला असतो. दोन ठिकाणचे ते कागद शेजारी ठेवा, दोन्हींची मुदत आणि रक्कम सारखी करून घ्या.

कागद फार मागणाऱ्या बँकेला कंटाळू नका. त्यांचा वकील जुने दस्त शोधून मालकीचा अहवाल देतो, तो तुमच्याही उपयोगाचा असतो. मूल्यांकन करणारा घरी येईल तेव्हा तिथे हजर राहा आणि मंजूर नकाशा दाखवा. बंद केलेली बाल्कनी खोलीत धरलेली असते, ती तो कमी करतो, आणि मग ऐनवेळी कर्ज तीन-चार लाखांनी घटतं. टोकन देण्याआधी हे व्हायला हवं.

कंपनी सर्वस्वी वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांचा पगार रोखीत आहे किंवा छोटा धंदा आहे त्यांना बँक दारात उभं करत नाही, तिथे कंपन्या कर्ज देतात. तुम्हा दोघांचा पगार खात्यात जमा होतो. तुम्हाला जास्त दर द्यायचं कारणच नाही.

अश्विनी_चिंचवड

काका, दादा, मनापासून आभार. काल रात्री मुलगी झोपल्यावर वही घेऊन दोघं बसलो. मिस्टर आधी चिडले, मग 66 व्या वर्षापर्यंतचा हप्ता ऐकून गप्प झाले आणि स्वतःच कॅल्क्युलेटर घेतला. पुनावळ्याच्या फ्लॅटला नकार कळवलाय. मोशीला आठ वर्षं जुन्या सोसायटीत एक 2 बीएचके आहे, 50 लाख सांगतात, थोडं कमी होईल. भोगवटा प्रमाणपत्र आहे. तिथून चाकण त्यांना जवळ पडतं.

एकच शंका. घर फक्त माझ्या नावावर केलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं म्हणतात, खरं का? मग कर्ज मिळायला अडचण?

निवृत्त_कर्जविभाग_सांगली

खरं आहे. निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात 1 टक्का सूट आहे, म्हणजे 49 लाखांवर 49,000 वाचतात. मिस्टरांचं नाव मालकीत जोडलं तर सूट नाही. कर्जाला अडचण नाही, ते सहकर्जदार म्हणून राहतील, त्यांचा पगार धरला जाईल. मात्र मालकी नसेल तर व्याजाची आयकर सवलत त्यांना मिळणार नाही. ते नव्या करप्रणालीत असतील तर राहत्या घरावर ती तशीही नाही, मग नुकसान काहीच नाही. कोणत्या प्रणालीत आहेत ते कंपनीत विचारून मगच नाव ठरवा, आणि करारनाम्याच्या मसुद्यात नाव जाण्याआधी ठरवा. दस्त नोंदल्यावर बदल करायचा म्हणजे पुन्हा खर्च.

मोशीच्या फ्लॅटचा मंजूर नकाशा आणि इंडेक्स टू मिळाले की क्षेत्रफळ ताडून बघा, आणि काही अडलं तर इथेच लिहा.