गादीतील धूळ-माइट आणि मुलाच्या सकाळच्या शिंका : घरात नेमके काय करावे?

प्रश्न (डोंबिवलीची आई)

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे पावसाने जोर धरला की त्याच्या सकाळच्या शिंका सुरू होतात. डोळे उघडण्याआधीच एकामागून एक दहा-पंधरा शिंका येतात, नाक वाहू लागते आणि शाळेची बस येईपर्यंत मूल दमून गेलेले असते. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या गाद्या खाली काढून घरातच झटकल्या, त्या रात्री त्याला प्रथमच धाप लागली. पुढे ॲलर्जी कशाची आहे हे पाहण्यासाठी केलेल्या त्वचाचाचणीत धूळ-माइटच्या (घरातील धुळीतल्या सूक्ष्म जीवांच्या) अर्काच्या थेंबांपाशी मोठ्या गांधी उठल्या. परागकण आणि मांजर यांच्या जागा कोऱ्या राहिल्या. मे महिन्यात अकोल्याला मामाकडे गेला की काही दिवसांत त्याचे नाक मोकळे होत असे, हेही आता लक्षात येते.

मी रोज दोनदा केर काढते आणि लादी पुसते, तरीही घरातील वडीलधारी मंडळी स्वच्छता कमी पडते असे म्हणतात, तेव्हा फार वाईट वाटते. मध्यंतरी एका कंपनीचा विक्रेता गादीवर यंत्र फिरवून काळ्या कापडावर जमलेली भुकटी दाखवून गेला. त्या यंत्राची किंमत आमच्या महिन्याच्या घरखर्चाहून अधिक आहे. ते घ्यावे का? कापसाची गादी टाकून द्यावी का? आणि आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी पांघरल्याशिवाय त्याला झोप येत नाही, तिचे काय करावे?

उत्तर १ (रत्नागिरीची शिक्षिका)

ताई, आपल्या स्वच्छतेत काही उणे आहे हा विचार आधी मनातून काढून टाका. हा त्रास मी वीस वर्षे भोगला आहे आणि माझेही घर आरशासारखे असे. धूळ-माइट हे जीव कोळ्याच्या दूरच्या नात्यातले, आठ पायांचे, जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटर लांबीचे असतात. आपल्या अंगावरून गळणारा कोंडा खाऊन ते जगतात. ते चावत नाहीत. पाणीही पीत नाहीत, हवेतील ओलावाच शरीरात ओढून घेतात. त्यामुळे कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने त्यांना सुगीचे असतात आणि उबदार, दमट, कोंड्याने भरलेली गादी हे त्यांचे खरे घर असते. लादी कितीही पुसली तरी तिथे हात पोहोचत नाही.

मला सर्वांत अधिक उपयोग एका साध्या गोष्टीचा झाला. पावसाळ्यात ओले कपडे निजायच्या खोलीत दोरीवर वाळत घालण्याची आमची पद्धत होती, ती मी बंद केली. कपडे बाहेरच्या खोलीत पंख्याखाली गेले आणि निजायच्या खोलीतील कुबट वास गेला. सकाळी उठल्याबरोबर अंथरूण घडी घालून ठेवणेही सोडले. तासभर ते पंख्याखाली उघडे राहू देते, म्हणजे रात्रीचा घाम आणि दमटपणा निघून जातो. केरसुणीने कोरडा केर काढताना उडणारी धूळ मुलाच्या नाकात जाते, म्हणून तो शाळेत गेल्यावरच केर काढावा आणि कपाटे, खिडक्या ओल्या फडक्याने पुसाव्यात.

उत्तर २ (निवृत्त बालरोगतज्ज्ञ, पुणे)

आपण दिलेला तपशील निदानाशी पूर्ण जुळतो. घरातील धुळीच्या ॲलर्जीचे मूळ या माइटमध्ये आहे हे नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले. ॲलर्जी होते ती मुख्यत्वे त्यांच्या विष्ठेच्या कणांतील प्रथिनांमुळे. म्हणूनच माइट मेले तरी त्रास लगेच थांबत नाही. पावसाळ्यात साठलेले ते कण गादीत तसेच राहतात आणि दिवाळीत गादी झटकली की एकदम हवेत उडतात. त्या रात्रीची धाप अशीच लागली असावी. हे कण तुलनेने जड असल्यामुळे थोड्याच वेळात खाली बसतात, त्यामुळे हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा या ॲलर्जीत फारसा लाभ होत नाही.

विक्रेत्याचे यंत्र घेऊ नका. काळ्या कापडावरची भुकटी कोणत्याही गादीतून निघते. ती पाहून मुलाच्या आजाराविषयी काहीच ठरवता येत नाही, आणि माइट धाग्यांना घट्ट धरून बसत असल्याने खोलवरचे माइट ओढून निघत नाहीत. त्याऐवजी गादी आणि उशीला सहाही बाजूंनी बंद होणारी, चेन असलेली, अतिशय घट्ट विणीची खोळ घाला. गादी टाकण्याची गरज नाही. मात्र खोळींबाबतचे पुरावे संमिश्र आहेत, हे मी आपल्यापासून लपवणार नाही : २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात दमा असलेल्या प्रौढांना नुसत्या खोळींनी लाभ झाला नाही, तर इंग्लंडमधीलच मुलांवरच्या २०१७ सालच्या अभ्यासात दमा उसळून रुग्णालय गाठण्याची वेळ कमी मुलांवर आली. आपला मुलगा दुसऱ्या गटाच्या जवळचा आहे, म्हणून मी खोळ घ्यायला सांगेन. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. गार पाण्याने बरेचसे कण वाहून जातात, पण माइट जिवंत राहतात.

घरातील उपायांनी बरे वाटू लागले की औषध परस्पर बंद करण्याची चूक पालक करतात आणि हे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. नाकातील स्टेरॉइड फवारा रोज वापरावा लागतो, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात आणि फवारताना नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला वळवावे, नाहीतर रक्त येते. एकदा धाप लागली आहे, तेव्हा दम्याची तपासणी करून घ्या; इन्हेलरची ‘सवय लागते’ ही भीती निराधार आहे. औषधांनी आटोक्यात न आल्यास इम्युनोथेरपीचा, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तेच थोड्या थोड्या मात्रेत देऊन शरीराला त्याची सवय लावण्याच्या उपचाराचा, पर्याय आहे, पण ती साधारण तीन ते पाच वर्षे नेटाने आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावी लागते.

उत्तर ३ (नागपूर)

अकोल्यात बरे वाटते याचे कारण तिथली मे महिन्याची कोरडी हवा असावी. सापेक्ष आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट सुकून मरतात. मात्र मामांकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असेल तर मुलाला बंद खोलीत त्याच्यासमोर झोपवू नका. कूलर हवेत पाणीच सोडतो. आमच्या घरी मुलीचा त्रास ऐन उन्हाळ्यात वाढला होता, तो खिडकी उघडी ठेवून कूलर चालवल्यावर कमी झाला.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची मनापासून आभारी आहे. डॉक्टरसाहेब, आपले उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवले. गोधडीचे तेवढे सांगावे. गरम पाण्यात लुगड्यांचा रंग जाईल, आणि ती आजींच्या हातची शेवटची गोधडी आहे.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ

मग ती उकळत्या पाण्यात घालू नका. कडक ऊन पडेल त्या दिवशी ती गच्चीवर सकाळपासून दुपारपर्यंत पसरून ठेवा आणि मध्ये एकदा उलटवा. चांगले तापलेले, कोरडे ऊन माइट मारते. मात्र उन्हाने विष्ठेतील प्रथिने जात नाहीत, म्हणून उन्हानंतर ती साध्या पाण्यात नीट धुऊन पूर्ण वाळवा. क्रम उलटा करू नका. पावसाळ्यात ऊन मिळणार नाही, तेवढे महिने ती कोरड्या कपाटात बंद पिशवीत ठेवा आणि मुलाला दर आठवड्याला धुता येईल अशी पातळ सोलापुरी चादर द्या. गोधडी परत कधी मिळणार ते त्याला आधीच सांगा. ऑक्टोबरातले पहिले कडक ऊन पडले की ती गच्चीवर न्यायला त्यालाच सोबत घ्या, झटकायला मात्र नको.