फुकटची कृपा आणि माझा दीर

नवापूरची ताई:

५ एप्रिलला आमच्या चर्चच्या मंडळीत पुनरुत्थानाची, म्हणजे ईस्टरची उपासना झाली. पहाटे ४ वाजता मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेलो. "प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे" म्हणताना दरवर्षी अंगावर काटा येतो, यंदा आला नाही. कारण त्याच दिवशी माझ्या दिराचा बाप्तिस्मा होता. रंगावली नदीला पाणी कमी, म्हणून मंडळीच्या हौदातच झाला.

२२ वर्षं या माणसाने मोहाची दारू प्यायली. सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, एक एकर गहाण पडलं. ते आमच्या ह्यांनी पगारातून ७० हजार भरून सोडवलं. आता तो साक्ष द्यायला उभा राहिला, मंडळी रडली, हार घातला. प्रीतिभोजनाला १५० माणसं होती. वांगी कोणी चिरली? मी.

पाळकसाहेबांनी मार्कच्या शुभवर्तमानाचा १६ वा अध्याय घेतला. बाया येशूच्या मृतदेहाला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघाल्या, वाटेत त्यांना काळजी की दगड कोण लोटेल, जाऊन पाहतात तर दगड लोटलेलाच. "कृपा अशी फुकट असते," ते म्हणाले. माझ्या मनात भलतंच आलं. त्या बायांनी पैसे मोजून आणलेला मसाला हातातच राहिला ना? माझी महिला मंडळाची ३० वर्षं तशीच वाटली. मी चुकतेय का?

यावलचा केळीवाला:

ताई, आमच्याकडे घड कापला की ते खोड संपलं. त्याला कितीही खत घाला, पुन्हा घड येत नाही. पुढचं पीक शेजारी आलेल्या पिलावर, म्हणून पिलबाग म्हणतात. बाप्तिस्म्याचं मला तसंच वाटतं, जुन्या माणसाची डागडुजी नव्हे.

पण ७० हजारांचं बोलू. कृपा देवाची, गहाणाचे पैसे तुमचे. जकातदार जक्कय आठवा, लूक १९. प्रभू आधी त्याच्या घरी उतरला, "पैसे परत कर मग येतो" म्हणाला नाही. लुबाडलेलं चौपट परत देतो हे जक्कय नंतर स्वतःहून बोलला. दिराला हा अध्याय वाचायला द्या. चौपट मागू नका, मुद्दल पुरे.

धुळ्याचे निवृत्त गुरुजी:

मत्तय २० वाचा. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग दिवसभर आणखी लावत जातो, अगदी शेवटी अकराव्या ताशी, म्हणजे संध्याकाळी ५ लाही. संध्याकाळी सगळ्यांना एकच दिनार. आपल्याकडे कापसाची वेचणी किलोवर असते. कोणी संध्याकाळी ५ ला येऊन सकाळच्या बाईइतकी मजुरी मागितली तर वावरातच भांडण होईल. मी मुकादम असतो तर मीही भांडलो असतो.

एक बारकावा मात्र बघा. धन्याने पैसे द्यायला शेवटच्यांपासून सुरुवात केली. सकाळच्यांना आधी दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते, त्यांना काही कळलंही नसतं. त्याने मुद्दाम बघायला लावलं. का, याचं उत्तर मला ४० वर्षांत पूर्ण सापडलेलं नाही.

अहिराणी भाऊ:

ताई, त्यानी दारू खरंच सुटनी का? मी ख्रिस्ती नाही, पण आमच्या घरी माळ घालूनही दोनदा सुटली आणि दोनदा परत लागली, म्हणून विचारतो.

नंदुरबारची पाळकबाई:

गुरुजींचं पटतं, पण मसाल्यावर कोणी बोललंच नाही. ताई, त्या दिवशी प्रभूचा शिष्य पेत्र कुठे होता? घरात. मसाला घेऊन ज्या बाया अंधारात निघाल्या, त्यांच्याच कानावर बातमी आधी पडली. मसाला लागला नाही हे खरं, पण त्याच्यासाठीच त्या तिथे होत्या. आणि वांगी वाया गेली नाहीत, १५० माणसांनी खाल्ली. मी नंदुरबारहून येऊन दोनदा घेतलं भरीत.

तुम्ही चिडलात तर चिडा. उधळ्या पोराच्या गोष्टीत धाकटा परतला म्हणून मेजवानी झाली, थोरला रागावून बाहेरच राहिला, तेव्हा बाप त्यालाही समजवायला अंगणात आला होता. थोरला आत गेला की नाही, ते लूकने लिहिलेलंच नाही.

नवापूरची ताई:

सगळ्यांचे आभार. भाऊ, दारू ५ महिन्यांपासून बंद आहे. पुढचं मला माहीत नाही.

पाळकबाईंच्या मसाल्यावर रात्रभर विचार केला. लहानपणी मार्च-एप्रिलमध्ये आजी मला अंधारातच उठवून मोहाखाली न्यायची. झाडाला पान नसायचं, खाली नुसता फुलांचा सडा. कोणी पेरलं नाही, पाणी घातलं नाही. आम्ही टोपली भरून निघायचो तेव्हा काकाच्या घरची माणसं उन्हं वर आल्यावर डोळे चोळत यायची, आणि झाड त्यांच्याही डोक्यावर फुलं टाकतच असायचं. मला तेव्हाही राग यायचा. आजी म्हणायची, झाड काय तुझ्या बापाचं आहे? त्याच फुलांची पुढे दारू झाली आणि आमचं घर बुडालं, हेही खरंच.

परवा दीर आला. उंबऱ्याबाहेरच उभा. खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या, म्हणाला, "वहिनी, मोजू नका, लाज वाटते." मी मोजल्या. ७०० होते. अशा १०० खेपा होतील. चहा टाकला, आणि आत ये म्हणायला मला बराच वेळ लागला.